मिरजेहून विद्यार्थ्यांसाठी सतार घ्यावी का? (गल्लीचा रिव्ह्यू, ५ पैकी ४)

आधीच सांगते, हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाही, मिरजेच्या अख्ख्या सतारमेकर गल्लीचा आहे. कारण तिथे एका दारात काम होतं आणि शेजारच्या दारातला माणूस येऊन मत देऊन जातो, त्यामुळे कुठलं दुकान असं वेगळं काढून सांगणं अवघड आहे. मी घरी सतार शिकवते, मुलं बहुतेक शाळकरी, आणि दरवर्षी जूनमध्ये पालकांचा एकच प्रश्न असतो, मॅडम सतार कुठून घेऊ, ऑनलाइन स्वस्त दिसतीये.

तर ऑनलाइनचं ऐका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबांनी एका वेबसाइटवरून मागवली. दिसायला झकास, नक्षी वगैरे, कव्हर फ्री. पण खुंट्या सरकायच्या, म्हणजे सा लावून आलाप सुरू करेपर्यंत तार उतरलेली, वरचे दोन पडदे (दांडीवर आडव्या बांधलेल्या सुरांच्या पट्ट्या) भलतेच उंच, आणि जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासलेला माथा, अशी की तार वाजण्याऐवजी खडखडायची. पोरगी महिनाभर समजत राहिली की आपला हातच वाईट आहे. सतार सोडणारी निम्मी मुलं माझ्या मते अशीच सुटतात, रियाजाचा कंटाळा वगैरे नंतरचं.

मग तीच सतार घेऊन आम्ही मिरजेला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारे, आणि एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. सतारीचे भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, तूणाचं लाकूड कर्नाटकातून. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात तिथल्या कारागीर चाचांनी सतार हातात घेतली, एक तार छेडली आणि काही न बोलता घोडी काढली. घोडीवर तारांच्या खाचा पडलेल्या, नखानं चाचपलं तरी कळत होत्या. मग कानस. दोन हात मारायचे, घोडी बसवायची, बाजाची (मुख्य) तार चढवायची, वाजवून ऐकायचं, परत काढायची. असं कितीतरी वेळ. जवारी म्हणजे घोडीचा माथा असा किंचित उताराचा करायचा की तार तिला पुढे हलकेच चाटत जाते आणि तो गुंजणारा आवाज निघतो, उतार केसभर चुकला की एकतर खडखड नाहीतर आवाज बसका. मध्येच त्यांनी मुलीला विचारलं, "बेटा, जवारी खुली ठेवू का बंद?" (खुली म्हणजे जास्त झणझणणारी, बंद म्हणजे मऊ, गोलसर आवाजाची.) ती माझ्याकडे बघायला लागली. चाचा म्हणाले, "मॅडमकडं बघू नको, ऐक," आणि भिंतीवरच्या दोन सतारी काढून दोन्ही वाजवून दाखवल्या. तिनं बंद निवडली. ही गोष्ट मला क्लासमध्ये शिकवता आली नसती, कारण माझ्याकडे एकच सतार आहे आणि तिची जवारी माझ्या आवडीची आहे!

जाताना त्यांनी तिला घरी तार कशी बदलायची तेही शिकवलं, बाजाला ३ नंबरची तार घ्यायची, पडदा सरकला तर घाबरायचं नाही कारण तो दोऱ्यानंच बांधलेला असतो, सरकवून सुरात आणायचा. आता काही अडलं की ती परस्पर व्हिडिओ कॉल करते, मला विचारतसुद्धा नाही.

नवी घ्यायची असेल तर मुलाला सोबत न्याच. तिथे बसवून बघतात, डावा हात खालच्या पडद्यापर्यंत पोचतो का, खांदा उचलला जातोय का. लहान हातांसाठी छोट्या मापाची सतार मिळते, दिखाऊ नक्षी टाळली तर पैसे वाचतात आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही. तरी वीस-पंचवीस हजार धरून चाला. मला एका ठिकाणी "मॅडम, तुमचं कमिशन" म्हणून हळूच विचारणा झाली, ते मी मुलाच्या सतारीच्या किमतीतून कमी करायला लावलं. शिक्षकांनो, तुम्हीही तेच करा, लाजू नका.

एक स्टार कापलाय तो वेळेसाठी. "पुढच्या सोमवारी देतो" म्हणजे कुठला सोमवार ते अल्लाच जाणे. ऑर्डरच्या सतारीला महिने लागतात हे समजू शकते, पण दुरुस्तीला दिलेली सतार परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हातात आली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. दुसरं, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. मागाच, आणि त्यावर लाकूड कुठलं आणि तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) किती तेही लिहून घ्या.

पैशांचं विचारतात म्हणून, सीसीआरटीची (केंद्र सरकारची सांस्कृतिक प्रशिक्षण संस्था) १० ते १४ वयाच्या मुलांसाठी स्कॉलरशिप आहे, सतार-सरोद-व्हायोलिन सगळ्यांना चालते, पण रक्कम वर्षाला ३६०० रुपये आणि गुरूच्या फीचे ९००० पर्यंत. बघा आता, यात तारा आणि नख्या येतील, सतार कुठून येणार! १८ ते २५ वाल्यांना केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षं महिना ५००० ची आहे, ती बरी, पण तिथपर्यंत पोचायला लहानपणी वाद्य तर हवं ना. वाद्यासाठी एकदाच मोठी रक्कम द्या आणि मग दरमहा काही नका देऊ, असं माझं मत आहे, मंत्रालयाला कोण सांगणार. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव मार्क मिळतात हे मात्र पालकांना कसं कोण जाणे बरोबर माहीत असतं. त्यासाठी बहुतेक मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात आणि त्यांचं कार्यालयही मिरजेतच आहे, फॉर्मचा घोळ असेल तर त्याच फेरीत मिटवा.

ज्यांना नवी परवडत नाही त्यांनी गल्लीत जुनी विचारा. लोक हौसेनं घेतात, दोन वर्षं कपाटावर ठेवतात आणि मग विकायला आणतात. चाचांकडून जवारी करून घेतली की अशी सतार नवीन स्वस्त सतारीपेक्षा कधीही चांगली, माझ्या दोन मुलांकडे तशाच आहेत. मात्र भोपळ्याला तडा आहे का ते उजेडात धरून, मागच्या बाजूनंही बघा, पॉलिशखाली दिसत नाही.

आणि परत येताना एसटीच्या डिकीत टाकू नका. सीटवर मांडीत धरून आणा, कंडक्टर कुरकुर करतो, करू दे.