अल्गॉन्क्विन की बाउंड्री वॉटर्स : गोव्यातून कॅनू सफरीला जाणाऱ्यांसाठी

पावसाळा हा गोव्यातील पर्यटन व्यवसायाचा मंदीचा काळ, आणि उत्तर अमेरिकेतील सरोवरांत कॅनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीने, फिरण्याचा हंगामही तोच. त्यामुळे आठवडाभराची अशी सफर आखणाऱ्यांपुढे बहुधा दोन नावे येतात : कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात १८९३ मध्ये स्थापन झालेले अल्गॉन्क्विन उद्यान आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बाउंड्री वॉटर्स हा संरक्षित सरोवरप्रदेश. दोन्हीकडे एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये पोर्टेज लागते, म्हणजे होडी आणि सामान खांद्यावर घेऊन रानवाटेने चालावे लागते.

खरा फरक परवान्यात आहे. अल्गॉन्क्विनमध्ये कोणती रात्र कोणत्या तळ्यावर काढणार हे आरक्षण करतानाच ठरवावे लागते. बाउंड्री वॉटर्सच्या मुक्कामी परवान्यात मात्र प्रवेशाची तारीख आणि जागा तेवढी निश्चित असते, आणि पुढे नेमून दिलेल्या मुक्कामाच्या जागांपैकी जी रिकामी सापडेल तेथे तंबू ठोकता येतो. दुपारच्या वाऱ्याने मोठे तळे ओलांडता आले नाही तर ही मोकळीक फार मोलाची ठरते.

उलट, अल्गॉन्क्विनमध्ये प्रत्येक पोर्टेजच्या तोंडाशी पिवळी पाटी असते व तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. बाउंड्री वॉटर्समध्ये पाट्या नाहीत. किनाऱ्याचे वळण नकाशाशी ताडून वाट शोधावी लागते, आणि नकाशावरील अंतरे रॉडमध्ये असतात, एक रॉड म्हणजे सुमारे पाच मीटर. म्हणून सोबत वाटाड्या नसलेल्या नवख्यांनी अल्गॉन्क्विन निवडावे, पण रोजची मजल छोटी ठेवावी. नकाशा-होकायंत्रावर हात बसलेल्यांना बाउंड्री वॉटर्स अधिक मानवेल.

केव्हलार या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची दोघांची कॅनू सुमारे वीस किलो भरते. सामान दोन खेपांत हलवल्यास एक किलोमीटरची वाट तीन किलोमीटरची होते. तांदळाचे पोते घेऊन कुळागराच्या पायवाटेने चालण्याचा सराव उपयोगी आहे. मात्र पाच मीटर लांबीची होडी पोफळींमधून वळवताना पुढच्या-मागच्या टोकांचा जो अंदाज लागतो, तो पोत्याने येत नाही. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या दोन्हीकडे आत नेता येत नाहीत, आणि काळी अस्वलेही दोन्हीकडे असल्याने सुक्या बांगड्यांचा मोह आवरलेला बरा.

जूनमध्ये डास आणि चावऱ्या माश्या सळो की पळो करतात. ऑगस्टचा उत्तरार्ध सुसह्य असतो. चतुर्थी ऑगस्टअखेरीस येणार असेल, तर मात्र जुलैअखेरीसच निघावे लागेल.