कोंबडीच्या अंड्यांचं थर्माकोल इन्क्युबेटर: लेपर्ड गेकोसाठी कितपत चालतं?

खोका चांगला, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) सामान्य. लेपर्ड गेको या पाळीव पालीमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. अंडं किती तापमानात उबतं यावर नर की मादी हे ठरतं. २६ अंशांना जवळपास सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर आणि ३४ ला पुन्हा बहुतेक माद्या. त्यामुळे एका अंशाची चूकही इथे महागात पडते.

हे यंत्र ३७.५ वर लावूनच येतं. ते तसंच ठेवलं तर अंडी मरतात. पंखा नसलेल्या मॉडेलमध्ये सेन्सर झाकणाला लटकतो. वरची हवा गरम, तळाची थंड; स्क्रीनवर ३२.५ दिसतं तेव्हा अंड्याजवळ ३१ असू शकतं. म्हणून सेन्सरची वायर खाली ओढून टोक अंड्यांच्या पातळीला टेकवा. शेजारी दुसरा डिजिटल थर्मामीटर हवाच.

अंडी फिरवणारा ट्रे आधी काढा. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, गेकोची फिरवली तर आतला गर्भ दगावू शकतो. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. झाकण असलेल्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं खनिज) आणि पाणी समान वजनाने मिसळा, अंडी अर्धी पुरा. मूठ दाबून पाणी टपकलं तर मिश्रण जास्त ओलं आहे.

लिंग उबवणीच्या मधल्या टप्प्यात ठरतं, त्या दिवसांत वीज जाऊ देऊ नका. आत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या की तापमान हळू उतरतं.

नुसत्या माद्यांसाठी २६ अंश राखायचे असतील, तर मे महिन्यातल्या तापलेल्या खोलीत हे यंत्र घेऊ नका. ते गरम करतं, थंड करत नाही.