स्टेज-गेट की स्क्रम? नवीन प्रॉडक्टसाठी काय घ्यायचं

अंधेरीतल्या कुठल्याही ऑफिसात नवीन प्रॉडक्टचा विषय निघाला की कोणीतरी बोलतंच, ‘स्क्रम करूया ना’, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करत जायचं. अरे पण प्रॉडक्ट काय आहे ते तर बघा आधी.

स्टेज-गेट ही रॉबर्ट कूपरची पद्धत, 1980 च्या दशकातली. कल्पना, बिझनेस केस, डेव्हलपमेंट, टेस्टिंग, लाँच, आणि मध्ये मध्ये गेट, तिथे ठरतं पुढे पैसे घालायचे की गाशा गुंडाळायचा. समजा मिक्सर बनवताय, तर वसईच्या मोल्डवाल्याने प्लास्टिक बॉडीच्या साच्यासाठी एकदा स्टील कापलं की मग बॉडीची जाडी बदला सांगून बघा, जाड करायची तर साच्यातून अजून स्टील काढता येतं पण पातळ करायची म्हणजे वेल्डिंग नाहीतर नवीन इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा स्टीलचा तुकडा, बजेट आणि तारीख दोन्ही बोंबलतात. म्हणून मोल्डच्या ऑर्डरआधीचा गेट सगळ्यात महत्त्वाचा, बाकीच्या गेटवर बऱ्याचदा नुसते पीपीटी आणि वडापाव चालतात.

स्क्रममध्ये एक टप्पा म्हणजे स्प्रिंट, तो जास्तीत जास्त एका महिन्याचा, शेवटी चालणारं काहीतरी दाखवायचं. ॲपला हे भारीच, चुकलं तर पुढच्या अपडेटमध्ये बदला. गंमत म्हणजे ताकेउची आणि नोनाका या जपानी मॅनेजमेंट अभ्यासकांच्या ज्या 1986 च्या लेखातून स्क्रम हे नाव आलं, त्यात उदाहरणं ॲपची नाही, होंडाच्या कारची नि कॅननच्या कॅमेऱ्याची आहेत!

त्यामुळे मिक्सरसोबत ॲप असेल तर ॲप आणि थ्रीडी प्रिंटचे नमुने स्प्रिंटमध्ये, पण स्टील कापायच्या आधी गेट पाहिजेच, आणि त्या मीटिंगला ज्याच्या हातात चेकबुक आहे तो स्वतः हवा, त्याचा असिस्टंट नाही.