गोबर गॅस की घरचं बायोडिझेल?

छोट्या शेतीसाठी इंधन घरीच करायचं, तर माझा कौल आधी गोबर गॅसला. शेण आणि पाणी समान मापाने कालवायचं, गुठळ्या हाताने फोडायच्या, काडीकचरा वेचून काढायचा आणि कालवण बंद टाकीत सोडायचं. एवढंच रोजचं काम. साधारण 25 किलो शेणातून 1 घनमीटर गॅस मिळतो, त्यात 50 ते 70 टक्के मिथेन, म्हणजे जळणारा वायू. पण खरी कमाई आहे ती गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पातळ शेणकाला! नत्र, स्फुरद, पालाश बहुतांश तिच्यात टिकतात आणि परत वाफ्यात जातात. थंडीत मात्र शेण कुजवून गॅस करणारे जिवाणू मंदावतात, गॅस घटतो.

बायोडिझेलचं, म्हणजे तेलापासून केलेल्या डिझेलसारख्या इंधनाचं, गणित वेगळं. 100 लिटर वापरलेल्या खाद्यतेलाला सुमारे 20 लिटर मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉल विषारी, त्याची वाफ चटकन पेट घेते. मुलाबाळांच्या आसपास हे काम नकोच. तेलात पाणी राहिलं की इंधनाऐवजी साबण होतो. तळाशी गडद ग्लिसरीन बसतं, त्याची विल्हेवाट वेगळीच. डिझेल इंजिन चालवायचं असेल आणि वापरलेलं तेल नियमित मिळत असेल, तरच या वाटेला जावं. त्यासाठी मुद्दाम तेलबिया पेरणं मला पटत नाही. एवढ्याशा रानात ती जागा खाण्याच्या पिकाला हवी.