दातांसाठी आहाराचा सल्ला घेतला, त्याचा अनुभव

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. दिवसातले आठ-नऊ तास टेबलाशी आणि हाताशी चहाचा थर्मास. मिठाई, चॉकलेट मला फारसं आवडत नाही, त्यामुळे दीड वर्षात तीन दाढा किडल्या तेव्हा कारणच कळेना. आधीच्या दवाखान्यात तिन्ही दाढा भरून दिल्या, पण तुम्ही काय खाता, कधी खाता, हे एकदाही कोणी विचारलं नाही. पुढे ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसायला लागलं आणि मी दवाखाना बदलला. नव्या डेंटिस्टनी दात साफ करून दिले आणि तिथल्याच आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्यांच्याकडे माझ्या तीन भेटी झाल्या. हा अनुभव त्यांच्या त्या सल्ल्याचा आहे.

पहिल्या भेटीत सल्ला मिळालाच नाही, एक वही मिळाली. चार दिवस, त्यातला एक सुट्टीचा, पाण्याशिवाय तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. नुसतं ‘चहा’ लिहून चालत नाही. कप किती वाजता हातात घेतला, कधी संपला, साखर किती, सगळं लिहायचं. आधी कंटाळा आला, पण या सेवेतली सर्वात मोलाची गोष्ट ती वहीच आहे.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी लाल पेन घेतलं आणि साखर पोटात गेली त्या प्रत्येक वेळेभोवती गोल काढला. सोमवारच्या पानावर अकरा गोल झाले. जेवणाच्या वेळेचे त्यात दोनच. बाकीचे गोड चहाचे, दोन बिस्किटांचे, चार मनुकांचे, घसा खवखवतो म्हणून चघळलेल्या गोळीचे. चहाचा एकेक कप मी पाऊण पाऊण तास पुरवत होते. पान बघून मी गप्पच झाले.

मग त्यांनी त्याच पानाच्या मागे एक आलेख काढला: साखर खाल्ल्यावर दातांवरचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, किती खाली उतरतो आणि किती वेळानं वर येतो (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). दातांवर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात दाखवलेला हा आलेख दंतवैद्यकात आजही शिकवतात. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. नंतर लाळ ते आम्ल निवळवते आणि क्षार परत दाताला मिळतात, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. माझी रेघ वर यायच्या आतच पुढचा घोट घेतलेला असायचा. साखर एकूण किती, हे तर महत्त्वाचं आहेच, पण दिवसातून किती वेळा, हेही महत्त्वाचं, हे मला या आलेखानं पटलं.

काय खायचं हेही त्यांनी माझ्या वहीतूनच सांगितलं. चहा जेवणाला जोडून घ्यायचा, मधल्या वेळचा बिनसाखरेचा. चार वाजता भूक लागते तेव्हा बिस्किटांऐवजी चीजचा तुकडा किंवा मूठभर बदाम. चीज चावताना लाळ सुटते आणि त्यातून कॅल्शियम-फॉस्फेटही मिळतं, म्हणून ते दातांना चांगलं. मनुका पौष्टिक असल्या तरी दाताला चिकटून बसतात, त्या जेवणातच खायच्या. ताटात पालेभाजी वाढवायची, दूध-दही सोडायचं नाही.

हिरड्यांसाठी मी स्वतःच एक उपाय सुरू केला होता: सकाळी लिंबू-मधाचं पाणी घोट घोट प्यायचं आणि लगेच ब्रश करायचा. क जीवनसत्त्व हवं हे बरोबर होतं. हिरड्यांना घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन त्याशिवाय नीट तयार होत नाही. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनी १७४७ मध्ये स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार, झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री आणि लिंबं मिळालेले दोघं सर्वात लवकर सुधारले. पण माझी पद्धत दातांच्या मुळावर येणारी होती. लिंबाच्या आम्लानं इनॅमलचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि त्यावर मी ब्रश घासत होते. आता संत्रं किंवा कच्ची ढोबळी मिरची जेवणासोबत खाते आणि आंबट खाल्ल्यावर निदान अर्धा तास ब्रशला हात लावत नाही.

मॅडमवर माझा विश्वास बसला तो मात्र दुसऱ्याच वाक्यानं. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं रक्त मुख्यतः दातांवर साचलेल्या थरामुळे येतंय. तो खाण्यानं निघणार नाही, ब्रशनंच निघेल.’’ आणि दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आरशासमोर उभं करून शिकवला.

दोन तक्रारी आहेत. त्यांच्या छापील पत्रकात ‘सफरचंद म्हणजे नैसर्गिक टूथब्रश’ असं आहे. मॅडमनी ते माझ्यासमोर पेनानं खोडलं, कारण सफरचंदानं लाळ सुटते, पण हिरडीच्या कडेचा थर निघत नाही. मग ते पत्रक अजून वाटतात कशाला? दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जेवणानंतर झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं, च्युइंगगम चघळा, असं पत्रक सांगतं. झायलिटॉलपासून जंतूंना आम्ल करता येत नाही, सल्ला योग्यच आहे. पण झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं, थोड्यानंही त्यांची रक्तातली साखर धोकादायक उतरते. माझ्या घरात कुत्री आहे आणि ती टेबलावरचं काहीही पळवते. मला हे आधीपासून माहीत होतं म्हणून डबी कपाटात गेली. ही एक ओळ त्या पत्रकात छापायलाच हवी.

तिसऱ्या भेटीला हिरड्यांतून रक्त दोनच जागी आलं, त्यात त्या बारीक ब्रशचा वाटा मोठा आहे. नवीन वहीच्या सोमवारच्या पानावर चार गोल होते: तीन जेवणांच्या वेळचे, चौथा घशाच्या गोळीचा. मॅडमनी त्याच्यापुढे बिनसाखरेच्या गोळीचं नाव लिहून दिलं.