राजारामपुरीतला संध्याकाळचा इंग्रजी क्लास
मी कोल्हापुरात रिक्षा चालवतो, बाहेरगावचे पर्यटक बसतात, म्हणून महिनाभर क्लास लावला. पैसे वसूल! 'एक्स्टिरियर' हा शब्द मला फक्त रंगाच्या डब्यावरचा माहीत होता. मॅडमनी त्याच्यावर अख्खा तास घेतला. न्यू पॅलेसचा बाहेरचा काळा दगड, 1884 चं बांधकाम, ते एक्स्टिरियर. आतलं म्युझियम इंटिरियर. सिनेमाच्या पटकथेतही बाहेरच्या सीनवर हाच शब्द लिहितात. आणि माणसालासुद्धा लागतो: वरून कडक, आतनं मऊ. मला आमच्या तालमीतले वस्तादच डोळ्यांपुढं आले. 'सरफेस' वेगळा, तो टेबलाचा, रस्त्याचा, रंकाळ्याच्या पाण्याचा. बाकं अरुंद आहेत, गुडघे अवघडतात. पण शिकवणं लई भारी, जावाच.