विंचू वयात आला का? कात किती वेळा टाकली ते मोजावं, की टाकलेली कात मोजावी

जोडी लावायची म्हटलं की नर कोण आणि मादी कोण, हा प्रश्न तुलनेनं सोपा. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांना जन्मतः जितके दात असतात तितकेच शेवटपर्यंत राहतात, आणि बहुतेक जातींत नराचे जास्त असतात. त्यामुळे पिल्लू असतानाही अंदाज बांधता येतो. अडतं ते पुढे. नर आहे हे कळलं, पण तो वयात आलाय का?

नुसतं बघून ओळखण्यावर फार वेळ घालवणार नाही. काही जातींत शेवटच्या कातीनंतर नर स्वतःच सांगतो: सेंट्रुरॉइड्स नावाच्या विंचवांत नराची शेपटी एकदम लांबते, आणि ते विंचू ज्या कुळात मोडतात त्यातल्या बऱ्याच नरांच्या चिमट्याच्या बोटांना बुडाशी फुगीर गाठ येते, बोटं मिटली तरी मध्ये फट राहते. वयात आलेला नर रात्री बीळ सोडून डब्याच्या कडेकडेनं येरझाऱ्याही घालू लागतो. मादी यातलं काहीच दाखवत नाही. आणि अंगाच्या लांबीवर तर अजिबात जाऊ नका. दोन आठवडे पोटभर झुरळं मिळाली की पोटाची वळी ताणली जातात आणि अर्धवट वाढलेली मादीसुद्धा पोक्त दिसते.

मग उरतात दोन वाटा. पहिली वहीची. बहुतेक विंचू 5 ते 7 वेळा कात टाकून वयात येतात, म्हणून दर कातीला एक रेघ ओढायची. जनावराला हात लावावा लागत नाही, काही विकत आणावं लागत नाही. पिल्लं आईच्या पाठीवर असल्यापासून तुमच्याकडे असतील, तर ही पद्धत वाईट नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं तेव्हाच पहिली कात पडते, तीही हिशेबात धरली की झालं.

माझं बिनसलं ते इथेच. माझी मादी अर्धवट वाढलेली आली होती आणि डब्यावर नुसता '4' लिहिलेला होता. चार कशाचे? जन्मताची अवस्था पहिली धरली, तर चौथ्या अवस्थेतल्या विंचवानं तीनदाच कात टाकलेली असते. कुणी अवस्था मोजतं, कुणी काती, आणि दोघंही छातीठोकपणे 'चार' म्हणतात. मी काती समजलो. त्यावर माझ्या रेघा चढवत गेलो आणि सहावर पोचलो तेव्हा खुशाल नर सोडला. त्यानं तिचे चिमटे धरले, तिनं झटकले, पुन्हा धरले. चिमटे धरून जोडीनं चालायचा तो मीलनाआधीचा नाच काही जमला नाही. सकाळी डब्यात नराची शेपटी आणि एक चिमटा उरला होता. भुकेली असती तर वयात आलेल्या मादीनंही हेच केलं असतं, हे मान्य. पण तीन आठवड्यांनी तिनं कात टाकली. वयात आलेला विंचू सहसा पुन्हा कात टाकत नाही, म्हणजे माझी वही एका आकड्यानं खोटी होती, आणि तो एक आकडा मला कधीच पडताळता आला नसता.

दुसरी वाट म्हणजे टाकलेली कात जपून ठेवायची आणि तीच मोजायची. कात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की मऊ पडते, मग बारीक ब्रशनं चिमटा सरळ करता येतो. मी चिमट्याचं हलतं बोट मोजतो. चिमटा, शेपटीच्या कांड्या आणि डोक्यावरची ढाल हे टणक भाग, दोन कातींच्या मधे ते वाढत नाहीत, मग पोट कितीही फुगो. दर कातीला हे भाग साधारण एकाच पटीनं वाढतात, आणि पुस्तकी पट आहे 1.26, म्हणजे दोनाचं घनमूळ. प्रत्यक्षात पट जातीगणिक आणि अवयवागणिक बदलते, म्हणून आपल्याच जनावराच्या लागोपाठच्या दोन कातींवरून ती काढलेली बरी. माझ्या मादीचं बोट एका कातीत 5 मिलिमीटर, पुढच्या कातीत 6.3. म्हणजे आता अंगावरचं 7.9 च्या आसपास असायला हवं. त्याच जातीच्या पिल्लं झालेल्या मादीचं माझ्याकडे 8 भरलं होतं. इथे डब्यावरचा '4' कशाचा होता हे विचारावंच लागत नाही, आणि मला त्याचंच अप्रूप.

कटकट आहे, नाही असं नाही. बिळात राहणाऱ्या जातींची कात मातीत तुडवली जाते. अतिनील टॉर्च लावला की तुकडे हिरवट चमकतात, तेवढ्यावर शोधायचे. नुकतीच कात टाकलेला विंचू स्वतः मात्र त्या उजेडात फिकाच दिसतो. कात हाती लागलीच नाही, तर विंचू सपाट पारदर्शक डबीत घ्यायचा, शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढायचा आणि फोटोवरून बोट मोजायचं. थोडी चूक होते, पण एका कातीचा फरक पाव पटीचा असतो, तेवढ्यात ती खपून जाते.

नरांच्या बाबतीत मी एवढा ठाम राहणार नाही. काही जातींत नर एक कात आधीच, लहान चणीतच वयात येतात, तेव्हा मोजमाप फसू शकतं. तिथे चिमट्याची फट आणि रात्रीच्या येरझाऱ्या जास्त खऱ्या. आणि टिटियस सेरुलाटससारखी नराविना वाढणारी जात पाळत असाल, तर पाठीवर पिल्लं दिसली की कळलंच, दोन्हींतलं काही नको.

वही मी अजून ठेवतो. तारीख लिहितो, मिलिमीटर लिहितो, कितवी कात त्याचा रकाना कोरा सोडतो. त्या मादीला महिनाभर टणक होऊ दिलं, खाऊ घातलं आणि मगच दुसरा नर सोडला. या वेळी त्यानं चिमटे धरल्यावर ती मागे खेचली नाही, त्याच्याबरोबर चालू लागली.